हरभऱ्यातली अळी एक्स-रेत का दिसत नाही?

नमस्कार सर. उत्तर लांबणार आहे, म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवता. भुंगेरा लागलेला हरभरा आणि सागाची फळं न फोडता आतून पाहायची, असा विद्यार्थ्यांचा प्रकल्प आहे. ओळखीच्या एक्स-रे सेंटरमध्ये बोटांच्या एक्स-रेचं सेटिंग लावून, म्हणजे ५० केव्हीवर, प्लेट काढली. सगळे दाणे सारख्याच करड्या चकत्यांसारखे आले. नंतर दातांच्या डॉक्टरांकडे प्रयत्न केला, तिथे कडा छान रेखीव आल्या, पण आतलं काही दिसेना. टेक्निशियन म्हणाला, "पॅनेलचं रेझोल्यूशन कमी पडतंय." म्हणून तुम्ही विचारताय की जास्त रेझोल्यूशनचं मशीन कुठे मिळेल, मायक्रो-सीटी (लहान वस्तूचं त्रिमितीय एक्स-रे चित्रण) करावी लागेल का, आणि जुनी एक्स-रे नळी मिळाली तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काही जमवता येईल का.

मी बरीच वर्षं बीजपरीक्षणात एक्स-रेचंच काम केलं आहे. तुमच्या टेक्निशियनदादांचं निदान मला पटत नाही. अडचण रेझोल्यूशनची असती तर दातांच्या सेन्सरवर तुम्हाला अळीचं बीळ दिसायला हवं होतं. त्या सेन्सरचे पिक्सेल २० मायक्रॉनच्या आसपास असतात आणि भुंगेऱ्याच्या वाढलेल्या अळीचं बीळ एक-दोन मिलिमीटर रुंद असतं. इतकं बारीक पाहणाऱ्या सेन्सरला एवढं मोठं बीळ दिसलं नाही, कारण बिळातून आलेले किरण आणि भरीव दाण्यातून आलेले किरण जवळजवळ सारखेच होते. फरक प्लेटपर्यंत पोचलाच नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? दुप्पट रेझोल्यूशनचं पॅनेल लावलंत तर तीच करडी चकती दुप्पट पिक्सेलांत मिळेल.

आता हा फरक का येत नाही ते आकड्यांत बघू. केव्ही म्हणजे नळीला दिलेला विजेचा दाब. त्यातून निघणाऱ्या किरणांची ऊर्जा केइव्हीत, म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजतात. ६० केव्ही लावले म्हणून सगळे किरण ६० केइव्हीचे नसतात. त्यापेक्षा कमी ऊर्जेचा सगळा पट्टा मिळतो, आणि नेहमीच्या फिल्टरमधून गाळून आल्यावर त्याची सरासरी साधारण ३० ते ३५ केइव्ही पडते. आता एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर घ्या. ६० केइव्हीच्या किरणांपैकी तो जेमतेम २ टक्के अडवतो, २० केइव्हीच्या किरणांपैकी ८ टक्के आणि १० केइव्हीच्या किरणांपैकी तब्बल ४१ टक्के. पाणी तेच, जाडी तीच. कमी ऊर्जेला किरण प्रामुख्याने अणूत शोषले जातात आणि हे शोषण ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. ऊर्जा निम्मी केली की शोषण दुप्पट नाही, जवळपास आठपट होतं. हलक्या मूलद्रव्यांच्या नाजूक वस्तूत बारीक फरक पाहायचे तर ऊर्जा उतरवावीच लागते, याचं मूळ इथे आहे.

हाच हिशोब हरभऱ्याला लावू. दाणा ७ मिलिमीटरचा आणि आत १ मिलिमीटरची पोकळी धरा. सुका हरभरा म्हणजे ढोबळमानाने स्टार्च आणि प्रथिनं, घनता १.३ च्या आसपास. ३५ केइव्हीला पोकळीच्या जागचा उजेड आणि बाजूचा उजेड यांत तीन-साडेतीन टक्क्यांचा फरक पडतो. १२ केइव्हीला तोच फरक २५ टक्क्यांच्या वर जातो. साडेतीन टक्के अगदीच थोडे नाहीत असं वाटेल, पण एक्स-रेचे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात, त्यांचा स्वतःचा खडबडीतपणा असतो. भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट रोझ यांचा जुना निकष सांगतो की एखादी खूण खात्रीने ओळखायची तर फरक त्या खडबडीतपणाच्या पाचपट तरी हवा. गणित मांडलं तर साडेतीन टक्क्यांच्या फरकासाठी त्या पोकळीएवढ्या जागेवर वीस हजारांच्या आसपास कण नोंदले जायला हवेत. २७ टक्क्यांच्या फरकाला साडेतीनशे पुरतात. सुजलेलं बोट किंवा मोडलेलं हाड पाहायला लावलेलं सेटिंग आपल्या कामाला का येत नाही, ते यावरून लक्षात येईल.

मग केव्हीचं बटण फिरवून खाली आणलं की झालं का? साध्या मशीनवर नाही. रुग्णांसाठीच्या मशीनमध्ये नळीसमोर अ‍ॅल्युमिनियमचा फिल्टर कायमचा बसवलेला असतो. कमी ऊर्जेचे किरण रुग्णाच्या शरीरातून पार जातच नाहीत, नुसते कातडीत जिरतात, म्हणून ते आधीच गाळून टाकायचे असतात. दातांच्या मशीनमध्ये हा फिल्टर दीड मिलिमीटरचा धरा. १० केइव्हीच्या लाखभर किरणांतले दोन-तीनच त्यातून सुटतात. १५ केइव्हीचे चार टक्के, २० केइव्हीचे पाव हिस्सा. म्हणजे आपल्याला जे किरण हवेत नेमके तेच मशीन मारून टाकतं, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. फिल्टर काढून द्या असं डॉक्टरांना सांगायला जाऊ नका. ते बेकायदा आहे, आणि पुढच्या रुग्णाच्या आधी तो परत बसवायचा राहिला तर काय होईल, याचा विचार करा.

केव्ही किती ठेवायचे याचं एकच उत्तर नाही, ते वस्तूच्या जाडीवर ठरतं. मी वापरते तो ठोकताळा असा: वस्तूच्या जाड भागातून साधारण १० ते १५ टक्के किरण पार निघाले पाहिजेत. त्याहून बरेच जास्त निघाले तर फरक पुसट होतो, फारच कमी निघाले तर प्लेटवर पोचायलाच काही उरत नाही. नळीला बेरिलियमची, म्हणजे कमी ऊर्जेचे किरणही सोडणाऱ्या हलक्या धातूची, खिडकी असेल आणि पुढे फिल्टर नसेल तर तीळ किंवा नाचणीसाठी १० ते १५ केव्ही, हरभऱ्यासाठी १८ ते २२ आणि सागाच्या फळासाठी २५ ते ३० च्या दरम्यान सुरुवात करते. तुमच्याकडे काबुली हरभरा असेल तर थोडं वर, बारीक गावरान असेल तर थोडं खाली. पहिल्या दोन-तीन प्लेटा आजमावण्यातच जातात, ते गृहीत धरा.

असं मशीन मिळणार कुठे? तुमच्या जिल्ह्याच्या गावी मॅमोग्राफीचं मशीन असण्याची शक्यता बरीच आहे. स्तनाच्या तपासणीचा प्रश्न आपल्यासारखाच असतो: मऊ भागातले बारीक फरक आणि दहाव्या हिस्सा मिलिमीटरचे कॅल्शियमचे कण. म्हणून त्या मशीनची नळी मुद्दाम कमी ऊर्जेची बनवतात. जुन्या मशीनमध्ये मॉलिब्डेनमचं लक्ष्य (इलेक्ट्रॉन आदळून किरण निघतात तो धातूचा तुकडा) असतं, त्यातून १७.५ केइव्हीचा जोरदार पट्टा मिळतो. नव्या मशीनमध्ये बहुधा टंगस्टनचं लक्ष्य आणि ऱ्होडियम किंवा चांदीचा फिल्टर असतो, त्याची सरासरी थोडी वर जाते. १७.५ केइव्हीला तुमच्या १ मिलिमीटरच्या पोकळीचा फरक ११ टक्क्यांच्या आसपास येतो. १२ केइव्हीइतका चांगला नाही, पण आत्ता मिळतोय त्याच्या तिप्पट. डिटेक्टरचे पिक्सेल ५० ते १०० मायक्रॉनचे, म्हणजे हरभऱ्याला आणि सागाला पुरेसे.

याहून चांगली सोय म्हणजे नमुन्यांसाठीचं कपाट-एक्स-रे. फॅक्सिट्रॉन हे त्यातलं जुनं, प्रसिद्ध नाव. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होतात तिथे काढलेला तुकडा लगेच तपासायला असं कपाट ठेवलेलं असतं. कपाट बंद असल्याशिवाय ते सुरूच होत नाही, केव्ही अगदी खाली आणता येतात, खिडकी बेरिलियमची असते. बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळांतही हाच प्रकार वापरतात. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा आणि रुग्णांची वेळ संपल्यावरची वेळ मागा.

मॅमोग्राफीवर काम मिळालं तर काही गोष्टी तिथल्या टेक्निशियनला आधीच सांगाव्या लागतात, कारण रोजच्या सवयीने ते दुसरंच करतात. दाबायचा प्लास्टिकचा पॅडल काढून ठेवायचा. स्वयंचलित एक्स्पोजर बंद करून हाताने ठरवायचं, नाहीतर मशीनला वाटतं समोर काहीच नाही आणि ते लगेच थांबतं. जाळी, म्हणजे ग्रिड, काढता येत असेल तर काढायची. एवढ्याशा दाण्यात विखुरलेले किरण नगण्य असतात आणि जाळी फुकट उजेड खाते. केव्ही मशीन देईल तितके खाली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्र प्रक्रिया न केलेलं, कच्च्या स्वरूपात डायकॉम फाइल (वैद्यकीय चित्रांचा ठरलेला फाइल-प्रकार) म्हणून मागा. मशीनचं सॉफ्टवेअर स्तनाची कड शोधून त्याप्रमाणे उजेड-अंधार बदलतं. हरभऱ्याच्या शंभर दाण्यांत त्याला ती कड सापडत नाही, मग ते काहीतरी भलतंच करून बसतं. मोबाइलवर पाठवलेल्या जेपीजीत तर उरलासुरला फरकही जातो. रुग्णांना सांगतात तसं "श्वास रोखा" बियांना सांगावं लागत नाही, त्यामुळे एक्स्पोजर लांबलं तरी हरकत नाही. फक्त जिवंत अळ्या वळवळतात आणि लांब एक्स्पोजरमध्ये त्यांच्या कडा पुसतात. दाणे पिशवीत बंद करून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे अळ्या मरतात, आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं.

ऊर्जा खाली आणली की आजवर न दिसणाऱ्या गोष्टी चित्रात डोकावू लागतात. नवखा माणूस इथे गोंधळतो. दाणे झेरॉक्सच्या कागदावर मांडलेत तर सगळ्या चित्रावर ढगाळ, कापूस पिंजल्यासारखी नक्षी उमटते. कागद पांढरा आणि गुळगुळीत दिसावा म्हणून त्यात खडूसारखी भर घातलेली असते, आणि तिच्यातल्या कॅल्शियमला हे किरण सहज पकडतात. काचेची पेट्री डिश तर नकोच. १२ केइव्हीला एक मिलिमीटर काचेत जवळजवळ सगळा उजेड संपतो. प्लास्टिकची डिश चालते, पण तिच्या तळाला कंपनीचं नाव किंवा ओरखडे असतील तर तेही दाण्यावर छापले जातात. मी पातळ पॉलिथिन चौकटीवर ताणून बसवते आणि त्यावर दाणे मांडते. चिकटपट्टी लावायचीच तर दाण्याच्या बाहेर, कारण तिचा डिंक पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो. दाण्याला चिकटलेला मातीचा कण वाळूचा असेल तर चित्रात ठळक पांढरा ठिपका येतो आणि विद्यार्थी त्याला अंडं समजतात. मऊ ब्रशने दाणे झाडून घ्या. क्रमांकासाठी पेन्सिल किंवा शाईचा उपयोग नाही, ती उमटत नाही. सोल्डरची बारीक तार वाकवून आकडे करा आणि कोपऱ्यात ठेवा.

हवासुद्धा मोजावी लागते. नळी ते प्लेट अंतर अर्धा मीटर धरलं तर २० केइव्हीचे ९५ टक्के किरण पोचतात, १० केइव्हीचे ७३ टक्के आणि ५ केइव्हीचे अवघे ९ टक्के. हरभऱ्यासाठी चिंता नको. पण उद्या तुमच्यापैकी कुणी फुलाच्या पाकळ्या किंवा डासाचा पंख घेऊन बसला तर मधल्या जागेत हेलियम भरावा लागेल, किंवा अंतर कमी करावं लागेल. १९१३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रास गावच्या पिएर गोबी यांनी समुद्री सूक्ष्मजीवांच्या कवचांची अशी चित्रं काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली मोठी करून दाखवली होती. फिल्मवर वस्तू थेट टेकवायची आणि मग फिल्मच मोठी करून पाहायची, ही रीत तेव्हापासूनची. आजही पाकळीसारख्या पातळ वस्तूसाठी, उजेड वाढवणारा पडदा न लावता बारीक कणांची औद्योगिक फिल्म वापरली तर नेहमीच्या डिजिटल पॅनेलला ती हार जात नाही. अडचण एवढीच की अंधारखोली आणि डेव्हलपर आता कुणाकडे राहिलेले नाहीत.

रेखीवपणाबद्दल थोडक्यात. नळीतला उजेडाचा ठिपका किती मोठा, वस्तू प्लेटपासून किती दूर आणि नळी वस्तूपासून किती दूर, या तिन्हींवर कडा किती पसरतील ते ठरतं. ठिपका अर्धा मिलिमीटर, नळी ते वस्तू ५०० मिलिमीटर आणि वस्तू ते प्लेट ५ मिलिमीटर असेल तर पसरण ५ मायक्रॉन, म्हणजे नसल्यात जमा. दाणे प्लेटला जितके टेकवता येतील तितके टेकवा. मॅमोग्राफीवर मोठं करून पाहायचा स्टँड असतो, तो वापरलात तर दहाव्या हिस्सा मिलिमीटरचा बारीक ठिपका निवडायला सांगा, नाहीतर मोठं चित्र मिळेल पण कडा पसरलेल्याच राहतील.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी ऊर्जा उतरवा, मग मधले अडथळे काढा, मग भूमिती बघा, आणि पिक्सेलांची चिंता सगळ्यात शेवटी.

आता एक गोष्ट सांगते जी ऐकून तुमचे विद्यार्थी थोडे हिरमुसतील. सगळं नीट केलंत तरी कोवळी अळी दिसणार नाही. अळीचं शरीर म्हणजे मुख्यतः पाणी. वजनाला वजन धरलं तर पाणी स्टार्चपेक्षा जास्त किरण शोषतं, कारण त्यात ऑक्सिजनचं प्रमाण जास्त. पण दाणा पाण्यापेक्षा घट्ट. १० केइव्हीच्या आसपास या दोन गोष्टी एकमेकींना जवळजवळ रद्द करतात: एक सेंटिमीटर पाणी आणि एक सेंटिमीटर सुका दाणा जवळपास सारखाच उजेड खातात. त्यामुळे बीळ घट्ट भरून बसलेली लहान अळी आजूबाजूच्या दाण्यात मिसळून जाते. आपल्याला जे दिसतं ती अळी नसतेच. दिसते ती अळीभोवतीची हवा, तिने मागे सोडलेला भुगा आणि रिकामं बीळ. अळी मोठी होऊन बिळात सैल झाली की तिची बाह्यरेषा अचानक स्पष्ट होते. कोषात जाण्याआधी भुंगेऱ्याची अळी सालीपर्यंत कोरत येते आणि बाहेर फक्त साल राखते, ती गोल खिडकी दाण्याच्या कडेला आली तर चित्रात फार सुरेख दिसते. धान्यातली लपलेली कीड एक्स-रेने शोधायचं काम अमेरिकेत १९५० पासून चाललेलं आहे, पण अंडी आणि सुरुवातीच्या अळ्या निसटतात ही तक्रार जुनीच आहे. म्हणून तुमच्या अहवालात "निरोगी दाणे" असं लिहू नका, "दिसण्याजोगी कीड नसलेले दाणे" असं लिहा.

हेच तत्त्व उगवणशक्तीला लागू आहे. एक्स-रेवरून बी भरलेलं आहे की पोचट, किडलेलं आहे की फुटलेलं, हे कळतं. आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघटनेच्या नियमांत एक्स-रेची चाचणी याच वर्गवारीसाठी आहे. पण भरलेलं बी जिवंत आहे की मेलेलं, ते नुसत्या चित्रात कळत नाही, दोघांची घनता सारखीच. तिथे फरक मुद्दाम तयार करावा लागतो. बीजसंशोधक मिलान सिमाक यांनी स्वीडनमध्ये पाइनच्या बियांवर दोन युक्त्या केल्या. एकीत बी बेरियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवायचं: मेलेल्या पेशींचे पडदे फुटलेले असतात म्हणून त्या क्षार आत घेतात आणि चित्रात उजळतात. दुसरीत बिया भिजवून मग सावकाश सुकवायच्या: मेलेलं बी पाणी लवकर सोडतं, जिवंत बी धरून ठेवतं, आणि त्या वेळेला एक्स-रे काढला की दोघं वेगळी ओळखू येतात. बेरियम क्लोराइड विषारी आहे, पदवीच्या मुलांच्या हातात देऊ नका. दुसरी युक्ती मात्र तुमच्या प्रयोगशाळेत सहज जमण्यासारखी आहे.

सागाबद्दल मला तुमच्यापेक्षा जास्त उत्साह आहे, कारण एक्स-रेसाठी याहून चांगलं फळ शोधून सापडणार नाही. आतल्या कठीण कवचात चार कप्पे असतात आणि त्यांतले कितीतरी रिकामे निघतात. रिकामा आणि भरलेला यांतला फरक म्हणजे हवा आणि बी, म्हणजे जोरकस फरक. बाहेरचा फुगलेला कागदी संदलपुंज (फुलाच्या बुडचं, फळावर टिकून राहिलेलं आवरण) आणि लवदार साल काढून टाका. मग फळ आडवं ठेवू नका, देठाची बाजू खाली करून उभं ठेवा. आडवं ठेवलं की दोन कप्पे एकमेकांवर पडतात आणि एका भरलेल्या कप्प्यामागे रिकामा लपतो. उभं ठेवलं की चारही कप्पे फुलासारखे पसरलेले दिसतात. मधोमध आणखी एक पोकळी दिसेल, ती फळाची स्वतःची आहे, तिला रिकामा कप्पा म्हणून मोजू नका. फळं लवंडत असतील तर जाड स्पंजात खाचा करून त्यांत रोवा, स्पंज चित्रात जवळजवळ दिसत नाही.

मायक्रो-सीटी लागेल का? बिळाचा नकाशा त्रिमितीत हवा असेल, अळीने कोणत्या दलातून कोणत्या दलात वाट काढली ते दाखवायचं असेल, तर हो. नुसतं "किडलंय की नाही" एवढंच हवं असेल तर दाणा ९० अंशांत वळवून दुसरं चित्र काढा, बहुतेक काम तेवढ्यात भागतं. आणि विद्यार्थ्यांपैकी कुणी पुढे संशोधनात गेलं तर इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर एक्स-रे मिळवणारं मोठं यंत्र, आहे, तिथे चित्रणासाठी वेगळी किरणवाहिनी आहे आणि विद्यापीठांतल्या लोकांना प्रस्ताव देऊन वेळ मिळतो. तिथे किरणांचं शोषण न पाहता त्यांचं किंचित वळणं टिपता येतं, त्यामुळे घनता सारखी असली तरी कडा उठून दिसतात. वर सांगितलेल्या कोवळ्या अळीवरचा उपाय असेल तर तो त्या वाटेवर आहे.

वर्कशॉपमध्ये नळी जोडायच्या कल्पनेला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. एक तर किरणसुरक्षेच्या नियमांनुसार परवान्याशिवाय हे करता येत नाही, ते काम अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जातं. दुसरं म्हणजे "कमी ऊर्जेचे आहेत, फारसं काही होणार नाही" हा समज उलटा आहे. १० केइव्हीचे किरण पाण्यात किंवा मांसात सव्वा मिलिमीटरभर गेले की निम्मे शोषले जातात. म्हणजे ते पार न जाता सगळी ऊर्जा बोटाच्या कातडीतच सोडतात, आणि नळीच्या खिडकीजवळ त्यांची तीव्रता प्रचंड असते. उघड्या किरणझोतात क्षणभर बोट गेल्याने भाजून चिघळल्याच्या घटना एक्स-रे विवर्तनाच्या (स्फटिकांची रचना एक्स-रेने तपासण्याच्या) प्रयोगशाळांत झालेल्या आहेत, आणि वेदना लगेच होत नाही म्हणून माणूस हात काढतही नाही. शिवाय बेरिलियमची खिडकी फुटली किंवा खरवडली तर तिची धूळ फुप्फुसांना घातक. बंद कपाट असलेलं, परवानाधारक मशीन सोडून दुसरा विचार करू नका.

बियांना मात्र या एका एक्स-रेने काही होत नाही, त्या नंतर पेरता येतात, आणि म्हणूनच ही पद्धत मोलाची. भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगात उत्परिवर्तन घडवायला बियांना गॅमा किरणांचे शेकडो ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचं एकक) द्यावे लागतात. आपल्या चित्राची मात्रा त्याच्या हजारो पटींनी कमी.

प्रत्यक्ष सुरुवात अशी करा. भुंगेरा लागलेल्या पोत्यातले शंभर दाणे पॉलिथिनवर दहा बाय दहाच्या रांगांत मांडा, सोल्डरचे आकडे लावा, चित्र काढा. चित्र पाहून प्रत्येक दाण्याबद्दल अंदाज लिहून काढा. मग त्याच क्रमाने सगळे दाणे ब्लेडने मधोमध कापून पाहा आणि अंदाजाशेजारी खरं काय निघालं ते लिहा. ही पायरी गाळली तर बाकी सगळं नुसतं सुंदर चित्र उरतं. कुठे चुकलात हे पाहताना तुमच्या मशीनला केवढ्या अळीपासून पुढचं दिसतं तो आकडा हाती येईल, आणि प्रकल्पाचा खरा निष्कर्ष तोच असेल.

शेवटी तुम्ही जाता जाता हापूसबद्दल विचारलंय: कोयीतला भुंगा आणि साका असंच पाहता येईल का? कमी ऊर्जेने नाही. सात सेंटिमीटर जाडीच्या रसदार फळातून २० केइव्हीचे हजारातले तीन-चार किरणच बाहेर येतात. तिथे ४०-५० केव्ही लागतात, म्हणजे तुमचं पहिलंच एक्स-रे सेंटर. भुंगा चांगला मोठा असतो आणि कोयीत त्याच्याभोवती पोकळी होते, साक्यात हवेचे कप्पे असतात, त्यामुळे तेवढ्या ऊर्जेलाही दोन्ही दिसायला वाव आहे. आंबा पाण्यात बुडवून एक्स-रे काढला तर गोलाईमुळे येणारा जाडीचा फरक निघून जातो आणि आतलं जास्त स्पष्ट होतं. पाण्याचं भांडं पातळ प्लास्टिकचं आणि सपाट बाजूंचं घ्या, आणि आंबा तळाशी धरून ठेवायला काहीतरी वजन लागलं तर ते चित्राच्या बाहेर येईल असं ठेवा.